काचेच्या इमारतींचा कार्बन हिशोब नेमका लिहितं कोण?

ऐरोली, हिंजवडी, खराडी, बीकेसी. इथल्या एखाद्या ऑफिस इमारतीच्या लॉबीत गेलात की रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर ‘ग्रीन बिल्डिंग’ची पाटी हमखास दिसते. इमारतीच्या मालक कंपनीच्या वार्षिक अहवालातही आकडे असतात. वर्षभरात वीज किती लागली, पाणी किती, कचरा किती, कार्बन उत्सर्जन किती टन. आकडे दशांश चिन्हानंतरही दोन घरं पुढे गेलेले असतात, त्यामुळे कुणीतरी अगदी काटेकोर मोजमाप केलं असणार असं वाटतं.

प्रत्यक्षात या आकड्यांची सुरुवात तळघरात होते. मीटर रूममध्ये एक टेक्निशियन रीडिंग वहीत लिहीत असतो. जनरेटरशेजारी डिझेलचं लॉगबुक असतं. गेटवरच्या गार्डकडे पाण्याच्या टँकरच्या पावत्या तारेला टोचून ठेवलेल्या असतात. भंगारवाला महिन्यातून एकदा येतो आणि त्याच्याच काट्यावर वजन करून कागद देऊन जातो. अशा वीस-तीस इमारतींच्या वह्या, बिलं आणि पावत्या जमवून त्यातून एक आकडा काढायचा, याला कॉर्पोरेट भाषेत ‘ईएसजी डेटा मॅनेजमेंट’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र बरंचसं किराणा दुकानाच्या खतावणीसारखं आहे.

फरक इतकाच की या खतावणीवर आता कोट्यवधींची कर्जं मिळतात.

हा हिशोब मागतं कोण?

भारतात याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे रीट. अनेक ऑफिस इमारती किंवा मॉल एका ट्रस्टमध्ये टाकायचे, त्या ट्रस्टची युनिट्स शेअर बाजारात विकायची आणि भाड्याचं उत्पन्न युनिटधारकांना वाटायचं. सेबीने २०१४ मध्ये याचे नियम केले. २०१९ मध्ये एम्बसी हा देशातला पहिला रीट बाजारात आला. त्यानंतर २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड आणि २०२३ मध्ये नेक्सस आला. एकाच मालकाच्या हातात अनेक शहरांतल्या अनेक इमारती आल्या, की त्यालाच पोर्टफोलिओ म्हणतात.

या मालकांकडे हिशोब मागणारे तीन प्रकारचे लोक आहेत.

पहिले गुंतवणूकदार. जगातले मोठे पेन्शन फंड इमारतींमध्ये पैसा लावतात. तो पैसा तीस-चाळीस वर्षांसाठी असतो, त्यामुळे इमारत उद्या वीजखाऊ ठरून भाडेकरू सोडून गेले तर काय, ही त्यांना चिंता. यातल्याच काही युरोपीय पेन्शन फंडांनी २००९ मध्ये ‘ग्रेस्ब’ नावाचं मूल्यमापन सुरू केलं. त्याचं मुख्यालय अॅमस्टरडॅमला आहे. जगभरातल्या रिअल इस्टेट कंपन्या दरवर्षी तिथे आपला डेटा भरतात आणि त्यांना १०० पैकी गुण मिळतात. दहावीच्या निकालासारखंच, फक्त गुणपत्रिका पेन्शन फंड बघतात.

दुसरे कर्ज देणारे. माइंडस्पेस रीटने २०२३ मध्ये ५५० कोटींचे ग्रीन बाँड काढले. देशातल्या रीटने ग्रीन बाँड काढण्याची ती पहिलीच वेळ होती. अशा बाँडमधून उभा केलेला पैसा कुठे खर्च झाला हे दाखवावं लागतं. काही कर्जांत तर व्याजदरच ऊर्जा बचतीच्या किंवा उत्सर्जनाच्या लक्ष्याशी जोडलेला असतो. लक्ष्य गाठलं तर व्याज थोडं कमी, हुकलं तर जास्त.

आणि तिसरे स्वतः भाडेकरू. शेअर बाजारातल्या सर्वात मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा अहवाल सक्तीचा आहे. त्यात ऊर्जा, पाणी, कचरा, उत्सर्जन हे सगळं द्यावं लागतं. एखाद्या आयटी कंपनीला स्वतःचा कारखाना नसतो. तिचा वीजवापर म्हणजे मुख्यतः तिची ऑफिसं, आणि ती भाड्याच्या इमारतीत. मग ती कंपनी मालकाला ईमेल करते, ‘आमच्या मजल्यांच्या वाट्याला किती एसी आणि किती डिझेल आलं ते कळवा.’

गंमत म्हणजे त्याच वेळी मालकही तिला ईमेल करत असतो, ‘तुमच्या मजल्यांची वीजबिलं पाठवा.’

मीटर कुणाच्या नावावर?

सगळी गुंतागुंत इथे आहे. इमारत मालकाची असली तरी वीज बरीचशी भाडेकरूच्या मजल्यावर जळते. दिवे, कॉम्प्युटर, सर्व्हर रूम, पॅन्ट्री हे सगळं त्याचं. मालकाच्या मीटरवर लिफ्ट, लॉबी, पार्किंग, पंप आणि बहुतेकदा एसीचा मध्यवर्ती चिलर प्लांट असतो.

काही इमारतींत भाडेकरूचं वीज कनेक्शन थेट महावितरण, अदानी, टाटा किंवा बेस्टकडून असतं. बिल भाडेकरूच्या नावाने येतं. मालकाला ते बघण्याचा अधिकार नसतो आणि भाडेकरूला ते देण्याची सक्ती नसते. काही इमारतींत मालक एकच मोठं कनेक्शन घेतो आणि आत सब-मीटर लावून वसुली करतो. तिथे डेटा मालकाकडेच असतो.

तिसरा प्रकार महाराष्ट्रातलाच आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. ऐरोलीतल्या आणि पुण्यातल्या खराडीतल्या काही आयटी पार्कमध्ये माइंडस्पेस समूहाच्या कंपन्यांकडेच वीज वितरणाचा परवाना आहे. म्हणजे गेटच्या आत महावितरणच्या जागी इमारत मालकाच्याच समूहातली कंपनी वीज पुरवते आणि बिलही तीच देते. डेटाच्या दृष्टीने ही चैनच म्हणायची.

पण सगळीकडे अशी सोय नसते. म्हणून आता भाडेकरारातच एक कलम घालण्याची पद्धत रुजते आहे. त्याला ‘ग्रीन लीज’ म्हणतात. भाडेकरू दर महिन्याला आपला वापर कळवेल, मालक सामाईक भागाचा कळवेल, आणि वीज वाचवणाऱ्या यंत्रांचा खर्च कोण किती उचलेल, हे आधीच ठरतं. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. नवा चिलर घ्यायचा खर्च मालकाचा, पण वीजबिल भाडेकरूकडून वसूल होत असेल तर बचत भाडेकरूची. मग मालक कशाला हात घालेल? वर्षानुवर्षं जुने चिलर चालत राहतात त्यामागे अनेकदा हेच कारण असतं, आणि डेटा कुणाकडेच पूर्ण नसल्यामुळे किती पैसे वाया जातायत हेही कुणाला दिसत नाही.

कार्बनच्या हिशोबात या वाटणीला नावं आहेत. मालकाने स्वतः जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप १. त्याने विकत घेतलेली वीज स्कोप २. भाडेकरूने त्याच्या मजल्यावर वापरलेली वीज मालकासाठी स्कोप ३. तीच वीज भाडेकरूच्या अहवालात मात्र स्कोप २ मध्ये जाते. एकच युनिट दोन अहवालांत दिसतं आणि ते नियमाला धरून आहे. मालकाने फक्त स्कोप १ आणि २ सांगून ‘आमचं उत्सर्जन घटलं’ म्हटलं, तर इमारतीतला मोठा भाग त्यात धरलेलाच नसण्याची शक्यता असते.

बिलावरचा कोणता आकडा घ्यायचा?

समजा सगळी बिलं मिळाली. आता ती भरायला बसलेल्या नव्या मुलाची परीक्षा सुरू होते.

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून ‘केव्हीएएच’वर बिल येतं, म्हणजे ज्या युनिटवर पैसे आकारले जातात ते नेहमीचं किलोवॉट-तास हे युनिट नाही. कार्बनचा हिशोब मात्र किलोवॉट-तासावर करायचा असतो. दोन्ही आकडे बिलावर छापलेले असतात, दोन्ही मोठे असतात आणि एकमेकांच्या जवळ असतात. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर १ लाख किलोवॉट-तासाच्या जागी १ लाख ५ हजारांहून जास्त केव्हीएएच दिसतात. चुकीचा रकाना उचलला की उत्सर्जन बसल्या जागी पाच टक्क्यांनी वाढलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या माणसाने बरोबर रकाना घेतला की कंपनीने पाच टक्के ‘बचत’ केली!

मोठ्या मीटरला गुणक असतो. मीटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या फरकाला त्या गुणकाने गुणल्यावर खरा वापर येतो. वहीत कच्चं रीडिंग लिहिलंय की गुणलेलं, हे शीर्षकात नसेल तर आकडा कित्येक पटींनी चुकतो. ही चूक निदान डोळ्यात तरी भरते.

डोळ्यात न भरणाऱ्या चुका जास्त त्रास देतात. आपल्याकडच्या ऑफिस पार्कमध्ये भाडेकरूच्या मीटरवर दोन नोंदी असतात, एक ग्रिडच्या विजेची आणि एक जनरेटरच्या विजेची. जनरेटरची युनिट्स विजेत धरली आणि त्याच जनरेटरचं डिझेलही लिटरमध्ये धरलं, तर एकच गोष्ट दोनदा मोजली गेली. एसीचंही तसंच. मध्यवर्ती चिलरचा थंडावा कोणत्या मजल्याने किती घेतला हे ‘बीटीयू मीटर’ सांगतो आणि त्यावर भाडेकरूला बिल जातं. चिलरची वीज मालकाच्या मीटरवर आधीच आलेली असते. छतावरच्या सोलरमध्ये याच्या उलट होतं. बिलावर निव्वळ आकडा येतो, त्यामुळे सोलरची जी वीज इमारतीने थेट वापरली ती एकूण वापरातून गायबच होते.

शिवाय बिल नेहमीच १ ते ३० तारखेचं नसतं. एका इमारतीचं १७ ते १६, दुसरीचं ५ ते ४. मार्चअखेरचा हिशोब करताना ते दिवसांच्या प्रमाणात तोडून महिन्यांत बसवावं लागतं.

हे सगळं जुळल्यावर कार्बनचा गुणाकार अगदी सोपा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडच्या विजेचा उत्सर्जन गुणांक जाहीर करतं. तो अलीकडे एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड इतका आहे. वर्षाला २० लाख युनिट वापरणाऱ्या इमारतीचे झाले सुमारे १४०० टन.

विसरला जाणारा सिलिंडर

डिझेलचं गणित लोकांना लगेच कळतं. एक लिटर जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. खरेदीची पावती धरायची की टाकीतून खरंच वापरलेलं डिझेल, एवढाच वाद. वापरलेलं धरायला हवं, कारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरलेली टाकी पुढच्या वर्षी जळते.

एसीमधला गॅस मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सर्व्हिसवाला येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, सिलिंडर लावून भरतो आणि जातो. जो गॅस कमी झाला तो हवेत गेलेला असतो. आर-४१०ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट उष्णता धरतो. वर्षभरात असा १० किलो गॅस गळाला, तर ते २० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं होतं. म्हणजे जवळपास ३० हजार युनिट वीज जाळल्यासारखं. आणि याची नोंद कुठे असते? एसी सर्व्हिसवाल्याच्या जॉब शीटवर, बहुधा कार्बन कॉपीवर, पेनाने लिहिलेली. बिलात ‘गॅस चार्जिंग’ एवढंच असेल आणि किलो लिहिलेले नसतील, तर हा आकडा नंतर कुठूनच सापडत नाही. म्हणून शहाण्या कंपन्या कंत्राटातच लिहून घेतात की किती किलो भरला ते लिहिल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही.

पाण्यात पालिकेचं मीटर, बोअरवेल, टँकर आणि सांडपाणी शुद्ध करून फ्लशला व बागेला वापरलेलं पाणी असे चार स्रोत येतात. बोअरवेलला अनेक ठिकाणी मीटरच नसतं. टँकर १० हजार लिटरचा म्हणून मोजला जातो, पूर्ण भरला होता की नाही हे गार्डला माहीत. कचऱ्याचं तर विचारूच नका. ‘रोज दोन गाड्या’ हा आकडा नाही, वजन हवं. तळघरात एक साधा वजनकाटा ठेवला तर निम्मा प्रश्न सुटतो, आणि त्याची किंमत या विषयावरच्या बहुतेक विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा कमी असते.

भागाकारातली गंमत

इमारतींची तुलना करायची तर एकूण वापर बघून चालत नाही, क्षेत्रफळाने भागावं लागतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ऑफिस इमारतींना स्टार देतं तेही वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट यावरच.

आता घर घेताना कार्पेट आणि सुपर बिल्ट-अपचा घोळ आपण सगळ्यांनी सोसलेला आहे. इथेही तोच आहे. २० लाख युनिट वापरणारी इमारत घ्या. कार्पेट १ लाख चौरस फूट धरलं, तर दर चौरस मीटरमागे २१५ युनिट. भाड्यासाठी धरलेलं क्षेत्र १ लाख ४० हजार चौरस फूट घेतलं, तर १५४. एकही दिवा बंद न करता इमारत ‘कार्यक्षम’ झाली. म्हणून क्षेत्रफळ कोणतं धरलं आणि पार्किंग त्यात आहे की नाही, हे लिहिल्याशिवाय असा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

रिकामे मजलेही असाच चकवा देतात. २०२० मध्ये लोक घरून काम करू लागले आणि ऑफिस इमारतींचा वीजवापर कोसळला. त्या वर्षाला पाया धरून तुलना केली तर पुढचं प्रत्येक वर्ष वाईट दिसेल. त्या वर्षाची आधीच्या वर्षाशी तुलना केली तर कंपनी पर्यावरणाची तारणहार वाटेल. याला उपाय म्हणून किती टक्के जागा भरलेली होती तेही वापरासोबत नोंदवतात. तसंच वर्षात इमारती विकत घेतल्या किंवा विकल्या असतील, तर दोन्ही वर्षं पूर्णवेळ ताब्यात असलेल्या इमारतींचीच तुलना वेगळी दाखवतात. नाहीतर तीन जुन्या इमारती विकणं हाच उत्सर्जन घटवण्याचा सोपा मार्ग होऊन बसेल.

कायद्याने काय बदलतं? न्यूयॉर्कचं उदाहरण

भाडेकरू डेटा देत नाहीत ही तक्रार जगभर आहे. न्यूयॉर्क शहराने त्यावर कायद्यानेच मार्ग काढला. २००९ मध्ये तिथे ५० हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना दरवर्षी वीज, गॅस आणि पाण्याचा वापर जाहीर करणं सक्तीचं झालं. पुढे ही मर्यादा २५ हजारांवर आली. डेटा भरायचा तो ‘एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर’ या सरकारी आणि मोफत प्रणालीत. ती इमारतीला १ ते १०० मध्ये गुण देते.

भाडेकरूंच्या मीटरचं काय? तिथली वीज कंपनी कॉन एडिसन इमारतीतल्या सगळ्या मीटरची बेरीज करून एकच आकडा मालकाला देते. कोण किती वापरतं हे उघड होत नाही, पण इमारतीचा एकूण वापर मिळतो. इतकी साधी गोष्ट! २०२० पासून मोठ्या इमारतींच्या दारावर ए, बी, सी, डी अशी श्रेणीही लावावी लागते. डेटाच दिला नाही तर एफ.

२०१९ मध्ये शहराने पुढचं पाऊल टाकलं. बहुतेक मोठ्या इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा घातली, ती २०२४ पासून लागू झाली. मर्यादेच्या वर जाणाऱ्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलरपर्यंत दंड. हजार टन जास्त झाले तर २ लाख ६८ हजार डॉलर. तिथे आता केव्हीएएचसारखी रकान्याची चूक केवळ अहवालातली चूक राहत नाही, तिचा थेट पैसा होतो.

मुंबई-पुण्यात दारावर श्रेणी लावण्याची सक्ती नाही. भाडेकरूंच्या मीटरची बेरीज करून द्यायला वीज कंपनीला भाग पाडता आलं, तर ग्रीन लीजवरची निम्मी वाटाघाट वाचेल.

‘१०० टक्के हरित वीज’ म्हणजे?

कार्बन हिशोबाच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार विजेचं उत्सर्जन दोन पद्धतींनी दाखवायचं असतं. एक, त्या भागातल्या ग्रिडची सरासरी धरून. दोन, कंपनीने कोणत्या विजेचा करार केला आहे ते धरून. महावितरणकडे थोडा जादा दर भरून हरित वीज घेता येते, किंवा सौर-पवन प्रकल्पाशी थेट करार करता येतो. मग दुसऱ्या पद्धतीत उत्सर्जन शून्य दिसतं आणि पहिल्या पद्धतीत जसंच्या तसं राहतं. दोन्ही खरे आहेत. अहवालाच्या मुखपृष्ठावर मात्र बहुधा शून्यच झळकतं, आणि तेही कधी कधी फक्त लॉबी-लिफ्टच्या विजेपुरतं असतं.

शेवटी वहीच तपासली जाते

आता हे सगळं सांभाळायला सॉफ्टवेअर आहेत. स्मार्ट मीटर दर १५ मिनिटांनी रीडिंग थेट पाठवतात, बिलाची पीडीएफ टाकली की आकडे आपोआप भरले जातात. छोट्या पोर्टफोलिओला मात्र एक्सेलही पुरतं, जर काही पथ्यं पाळली तर. प्रत्येक आकड्यासमोर तो बिलातून आला, रीडिंगमधून आला की अंदाजे धरला हे लिहायचं. मूळ बिलाची प्रत जोडायची. मागच्या महिन्यापेक्षा वापर वीस टक्क्यांनी हलला तर फोन करून कारण विचारायचं. आणि अंदाजाने भरलेला आकडा खरं बिल आल्यावर बदलायचा, जे बहुतेक जण विसरतात.

सेबीने सर्वात मोठ्या १५० कंपन्यांपासून सुरुवात करून बीआरएसआरमधल्या मुख्य आकड्यांची त्रयस्थाकडून तपासणी आणली, ती २०२३-२४ पासून. तपासनीस डॅशबोर्डवरचे रंगीत आलेख बघत बसत नाही. तो वीस इमारतींतून दोन निवडतो, एखादा महिना निवडतो आणि विचारतो, ‘या महिन्याचं डिझेल ४,२१० लिटर कुठून आलं?’ मग हेड ऑफिसमधून इमारतीच्या सुपरवायझरला फोन जातो. तो कंत्राटी असतो, कदाचित दोन महिन्यांपूर्वीच रुजू झालेला. तो जनरेटरशेजारचं लॉगबुक उघडतो, त्या पानाचा फोटो काढतो आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पान सापडलं तर आकडा राहतो. नाही सापडलं तर तपासणीच्या अहवालात शेरा येतो, आणि कर्ज देणारी बँक तो शेरा वाचते.